दिव्याखालची पाटी

बाप जाऊन तीन आठवडे झाले, तरी थोरलीच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. मावशी रोज म्हणे, "एकदा रडून घे गं, मोकळी होशील." थोरली मान हलवायची आणि डबा भरायची.

आज कारखान्यात बापाच्याच टेबलावर तिची परीक्षा होती. तो बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाट्या हाताने खरवडून सपाट करायचा. त्या पाट्यांवर ठेवून यंत्रांचे भाग मोजले जात. आठ वर्षं ती त्याच्या हाताखाली शिकली होती.

"पाचला साहेब तपासतील," फोरमनकाका म्हणाले. "पास झालीस तर जागा तुझी. नाहीतर हे टेबल उचलून इथे यंत्र बसतंय."

काम सांगायला सोपं. नमुन्याच्या सपाट पाटीला निळा रंग लावायचा आणि ती परीक्षेच्या पाटीवर घासायची. जिथे निळं उमटेल तो उंचवटा. तेवढाच खरवडायचा, तोही केसाच्या दहाव्या भागाहून कमी. मग पुन्हा रंग. हे डोळ्यांपेक्षा मनगटाला जास्त कळतं. आज मनगट चालत होतं, पण कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं.

आभाळ भरलेलं, म्हणून तिने दिवा पाटीवर ओढून घेतला होता. कडा जुळल्या, पण मधलं निळं जाईना. तिने खरवडणीचा एक हात मारला. पुन्हा निळं. दुसरा हात मारला. चारच्या सुमारास ठिपके सगळीकडे सारखे पडले.

सकाळचा चहा साय धरून बसला होता. पेला सरकवताना तळवा पाटीला लागला. मध्ये कोमट, कोपऱ्यात गार.

ती थांबली. वरून तापलेलं बीड मध्ये फुगतं, हे बापाने तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तो पाटीवर कधी दिवा घ्यायचा नाही. तिने उंचवटा नव्हे, दिव्याची ऊब खरवडली होती. पाटी निवली की तिथे खड्डा पडणार.

पाचला साहेब आले, वयाने तिच्याहून लहान. त्यांनी गेज फिरवलं. "वा ताई, आरसाच केलात. सही करतो."

"नका करू." तिने दिवा बंद केला. "मध्ये सहा मायक्रॉनचा खड्डा आहे."

"गेज तर काही दाखवत नाही."

"पाटी गरम आहे. उद्या सकाळी दाखवेल."

"अगं, आपल्याच पायावर धोंडा काय पाडून घेतेस?" काका पुटपुटले. "गप बस की."

"ही पाटी ज्याच्याकडे जाईल, तो हिलाच खरं मानून मोजेल, काका." बसचा नंबर सांगावा तसं तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी गेज कोपऱ्यावरून मध्ये आणलं. वाकून काटा वाचला. पुन्हा कोपऱ्यापासून मोजलं.

"सहाच," ते म्हणाले. "न मोजता कसं कळलं?"

"दोन हात जास्त मारले होते. माझ्या एका हाताला तीन मायक्रॉन जातात."

साहेबांनी कागदावर 'नापास' लिहिलं. पेनला टोपण लावता लावता ते फोरमनकाकांना म्हणाले, "यंत्राला दुसरी जागा बघा."

काकांनी दिवा उचलून पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवला.

आता चारी कडा सहाने खाली आणायच्या. तीन दिवसांचं काम. मनगट दुखत होतं. तिने ते दोनदा दाबून पाहिलं, नमुन्याच्या पाटीला रंग लावला आणि डाव्या कडेपासून सुरुवात केली.