मिस हॅस्केलना येणारा फोन

हार्लो मिल्समधली जुनी प्राथमिक शाळा बंद पडली तेव्हा गावाने त्या इमारतीत वयस्कांचं केंद्र उघडलं, आणि डेल्फीन पेलेटिए म्हातारपणी पुन्हा तिसरीच्या वर्गात जाऊन बसायला लागली. फळा अजून भिंतीवर होता. कोट अडकवायच्या खुंट्या मुलांच्या उंचीला लावलेल्या, त्या कुणी वर सरकवल्याच नव्हत्या. विम्याचा सल्ला घ्यायला आलेली ऐंशीच्या घरातली माणसं आपले जाडजूड कोट अडकवायला कमरेत वाकायची आणि हमखास म्हणायची, "ही माझी खुंटी होती बरं का!" एका खुंटीवर हक्क सांगणारे तिघं-चौघं तरी होते.

डेल्फीनने उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवण्यात घालवली होती. नवरा गेला, बसची नोकरी सुटली, आणि घरात बसून बर्फ बघण्याशिवाय काही उरलं नाही तेव्हा कर्टिस ब्रॅग्डनने तिला विम्याचा सल्ला द्यायच्या कामात ओढलं. कर्टिस केंद्राचा प्रमुख. लहानपणी त्याची व्हीलचेअर तीच बसमध्ये चढवायची, पट्टे आवळायची आणि "घट्ट झालं का रे?" म्हणून विचारायची. आता तो तिला विम्याचे नियम शिकवताना मध्येच थांबून विचारायचा, "डेल, घट्ट बसलं का?"

काम तसं समजायला सोपं होतं. पासष्टी उलटली की अमेरिकन सरकारचा मेडिकेअर विमा मिळतो, अपंगांना त्याआधीही मिळू शकतो. पण तो सगळा खर्च उचलत नाही. उरलेल्या खर्चासाठी एक तर वेगळा पूरक विमा घ्यायचा, नाही तर सगळा कारभार एखाद्या खाजगी कंपनीच्या योजनेकडे सोपवायचा. योजनेचा हप्ता कमी, वर दातांची आणि चष्म्याची सोय. मात्र कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते कंपनीच्या यादीवर. कुणाला हे मानवतं, कुणाला ते. कुणाला काय मानवेल हे त्या माणसाशी बोलून ओळखायचं, एवढंच डेल्फीनचं काम. आणि बोलायला तिला आवडायचं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर एम्सच्या दवाखान्यातून फोन आला. नर्स म्हणाली, "मिस हॅस्केल आल्या होत्या. पाय सुजलेत, दम लागतोय. पण त्यांचा विमा बदललाय, आम्ही त्या यादीत नाही. त्यांना सांगितलं तर 'बरं' म्हणाल्या आणि निघून गेल्या. काही तरी करा."

डेल्फीनचा विश्वासच बसेना. मिस व्हर्ना हॅस्केल म्हणजे याच वर्गातल्या तिच्या बाई. खडूचा एक तुकडा वाया जाऊ द्यायच्या नाहीत. डॉक्टर एम्सही त्यांचाच विद्यार्थी. त्याला सोडून त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातील?

ती तडक त्यांच्या घरी गेली. टेकडीवरचं ते छोटं पांढरं घर तसंच होतं. स्वयंपाकघरात गुळाच्या पाकाच्या बिस्किटांचा वास होता, आणि बाई टेबलाशी ताठ बसल्या होत्या. पाय मात्र स्टुलावर होते, आणि सपाता सुजेमुळे मागून कापलेल्या.

"बूट काढ, डेल्फीन. लादी ओली होते."

डेल्फीनने बूट काढले. मग विचारलं, "मिस हॅस्केल, हा नवा विमा कुणी गळ्यात मारला तुमच्या?"

"कुणी मारला नाही. मी घेतला. ब्रेन्डन नावाच्या मुलाकडून."

"कोण ब्रेन्डन?"

"फोन करतो. फ्लोरिडात कुठेसा असतो. चांगला मुलगा आहे, फक्त वाक्य पुरं करत नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पानगळीच्या दिवसांत पहिला फोन आला. त्यांनी "नको" म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा केला. मग रोजच संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला त्याचा फोन यायला लागला. काय शिजवलंय, थंडी किती आहे, मांजर कसं आहे. अखेर त्याने योजनेचं विचारलं तेव्हा बाई हो म्हणाल्या.

"पण डॉक्टर एम्स यादीत नाहीत हे त्याने सांगितलं नाही ना? ही फसवणूक आहे! आपण तक्रार करू. मी आत्ता फोन लावते."

"त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही," मिस हॅस्केल म्हणाल्या. "मी मूर्ख नाही, डेल्फीन. ज्या गोष्टीसाठी तो फोन करत होता ती दिली नाही तर तो थांबेल, हे मला कळत होतं."

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. बाईंना स्टुलावरून पाय खाली घ्यायलाच वेळ लागला. तोवर डेल्फीनने रिसीव्हर उचलला होता.

"हॅलो, मिस व्ही! आज काय बेत?" पलीकडून तरुण, हसरा आवाज आला.

डेल्फीनचं डोकंच फिरलं. बसमध्ये मागच्या बाकावरच्या पोरांना गप्प करणारा तिचा आवाज इतक्या वर्षांनी जसाच्या तसा बाहेर आला. "आज बेत असा आहे की बाईंचे पाय सुजलेत, आणि त्यांना त्यांच्या डॉक्टरने परत पाठवलंय, तुझ्यामुळे. म्हाताऱ्या एकट्या बाईला गोड बोलून गुंडाळताना लाज नाही वाटली? पुन्हा या नंबरवर फोन केलास तर सरकारकडे तुझं नाव देईन. कळलं?"

पलीकडून "सॉरी, मॅम" आणि फोन बंद.

डेल्फीन वळली. मिस हॅस्केल उभ्या होत्या, खुर्चीच्या पाठीला धरून.

"तो माझा फोन होता," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. वर्गातही कधी चढवत नसत. "बूट घाल आणि जा."

*

दुसऱ्या दिवशी कर्टिसने सगळं ऐकून घेतलं आणि गाल फुगवून श्वास सोडला. "डेल, तुम्ही त्याला झापलंत ते बरं केलंत. आणि वाईटही केलंत."

"ते माहीत आहे मला. आता रस्ता सांग. तक्रारीवर त्या सही करणार नाहीत. फसवलं म्हणून सांगितल्याशिवाय परत फिरता येतं का?"

"येतं की." त्याने व्हीलचेअर टेबलाशी घेतली. "योजनेत गेलेल्या माणसाला जानेवारी ते मार्च परत मूळ मेडिकेअरवर येता येतं. त्यात त्या आयुष्यात पहिल्यांदाच अशा योजनेत गेल्यात. पहिल्या वर्षाच्या आत परत फिरलं तर जुना पूरक विमा ती कंपनी नाकारू शकत नाही, तब्येतीचं काहीही विचारून नाही. कुणाला दोष द्यायची गरज नाही. मानवलं नाही, आलो परत. एवढंच."

"आणि कधीपासून?"

"या महिन्यात कळवलं तर एक फेब्रुवारीपासून एम्सकडे. पण पायांची सूज फेब्रुवारीपर्यंत थांबणार नाही. यादीतला हृदयाचा डॉक्टर शहरात आहे. गुरुवारची वेळ मिळतेय. नेणार कोण?"

"विचारतोस काय?" डेल्फीन म्हणाली.

डेल्फीन कागद घेऊन गेली तेव्हा मिस हॅस्केलनी दार उघडलं, सगळं ऐकलं, सह्या केल्या, आणि चहाचं विचारलं नाही. गुरुवारी सकाळी मात्र त्या टोपी, हातमोजे घालून पायरीवर तयार होत्या.

महामार्ग घसरडा होता म्हणून डेल्फीनने नदीकाठचा जुना रस्ता धरला. गावच्या कागदगिरणीच्या बंद फाटकापाशी बर्फ साचला होता. गिरणी चालू होती तेव्हा कागदाच्या लगद्याचा उग्र वास साऱ्या गावाच्या कपड्यांना यायचा, आणि पाहुणे नाक दाबायचे.

"वारा या बाजूचा असला की मला खिडक्या लावून शिकवावं लागे," मिस हॅस्केल अचानक म्हणाल्या. "मला तो वास अजिबात आवडायचा नाही. आता पहाटे जाग येते तेव्हा मी तो शोधते. वेडेपणा."

"मी पण," डेल्फीन म्हणाली. "आईच्या ॲप्रनला यायचा. ती कागद मोजायच्या खात्यात होती."

"माहीत आहे मला. पालक-सभेला थेट पाळीवरून यायची. बोटांना कागदाने कापलेलं असायचं." मग त्या म्हणाल्या, "इंग्रजी यायचं नाही तिला. मी बोललेल्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची."

डेल्फीन हसली. "आणि घरी येऊन मला विचारायची, 'बाई रागावल्या का खूश होत्या?' मी म्हणायचे, खूश. प्रत्येक वेळी."

"लबाड!"

त्यानंतर त्या दोघी थांबल्याच नाहीत. ते तळं, जिथे गिरणीवाले थंडीत दिवे लावून द्यायचे आणि सारं गाव बर्फावर घसरायला यायचं. शनिवारी घराघरातून आलेल्या घेवड्याच्या दाण्यांच्या हंड्या रात्रभर भट्टीत ठेवून देणारा बेकरीवाला, आणि रविवारी प्रार्थनेनंतर आपापली हंडी न्यायला लागलेली रांग. त्या वळणावर शाळेच्या बसमध्ये लाल केसांचे भाऊ चढायचे, सगळ्यांच्या डब्यातलं खायचे. मिस हॅस्केलनी एकेकाचं नाव घेतलं, आणि तो आता कुठे आहे ते डेल्फीनने सांगितलं. बरेचसे कुठेच नव्हते.

शहराची पाटी दिसायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "संध्याकाळी घरी गेलीस की तुझी आई पहिल्यांदा काय विचारायची, डेल्फीन?"

"'काय खाल्लंस?' असंच. फ्रेंचमध्ये."

"बघ. माझीही तेच विचारायची. आई गेल्यावर मला ते कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारतात, पण ते मिठाच्या पथ्यासाठी." त्यांनी काचेकडे तोंड केलं. "तो मुलगा विम्यासाठी विचारत होता, हे काय मला कळत नव्हतं? पण विचारत होता."

डेल्फीनने गाडी कडेला घेतली. "मिस हॅस्केल, मी त्या दिवशी फोन उचलायला नको होता."

"नकोच होता," त्या म्हणाल्या. "चल आता, उशीर होईल."

शहरातला डॉक्टर तरुण होता, आणि चांगला होता. त्याने गोळ्या बदलल्या, सूज उतरली. फक्त तो त्यांना व्हर्ना म्हणत होता. परतीच्या वाटेवर बाई त्यावरच धुसफुसत होत्या. फेब्रुवारीत त्या डॉक्टर एम्सकडे परत गेल्या तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला, आणि त्यांनी त्याला पाठ सरळ ठेवायला सांगितलं.

ब्रेन्डनचा फोन पुन्हा आला नाही.

डेल्फीनने त्या गुरुवारपासूनच संध्याकाळी फोन करायला सुरुवात केली होती. पहिल्यांदा मिस हॅस्केल म्हणाल्या, "कर्तव्य म्हणून करत असशील तर करू नकोस. मला तो सूर ओळखता येतो."

"मी मटारचं सूप केलंय," डेल्फीन म्हणाली, "आणि खारवलेलं डुकराचं मांस जास्त पडलंय. काय करू?"

"बटाटा टाक. इतकी वर्षं काय शिकलीस?"

त्यांची भांडणं ठरलेली असत. दाण्यांच्या हंडीत मेपलचा पाक घालायचा की गुळाचा, यावर एक अख्खा आठवडा गेला. कधी कर्टिसचा विषय निघे, कधी एम्सच्या टक्कलाचा. पुढच्या पानगळीत विमा बदलायचे दिवस आले तेव्हा डेल्फीन दिवसभर वर्गात बोलून बोलून दमायची, घसा बसायचा, तरी फोन करायची; आणि त्या दिवसांत मिस हॅस्केलच जास्त बोलायच्या.

अशाच एका संध्याकाळी बोलता बोलता त्या थांबल्या. पलीकडे भांड्यात चमचा फिरण्याचा आवाज येत होता.

"त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं," त्या म्हणाल्या. "ब्रेन्डनच्या. ख्रिसमसनंतर करायचं ठरलं होतं. कसं झालं असेल गं?"

"माहीत नाही, मिस हॅस्केल."

"हं," त्या म्हणाल्या. आणि मग, "तू काय जेवलीस?"