मेवा खा, फुंकर मारा

होटगी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात त्या सकाळी लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. वऱ्हाड होतं हृदयरोग्यांचं. कुणाची अँजिओप्लास्टी झालेली, कुणाची व्हायची, कुणाच्या छातीवर बायपासची शिवण. एरवी नवरानवरी बसतात त्या खुर्चीत मृत्युंजय महाराज बसले होते. पुढ्यातल्या ताटात बदाम, अक्रोड, अंजीर आणि बाजूला काचेच्या पेल्यांत नितळ पाणी.

"मेवा खा, फुंकर मारा!" महाराज गरजले. "मंत्रलेला मेवा रक्तात शिरतो, नळ्यांतली चरबी खरवडतो आणि श्वासाबरोबर बाहेर काढतो. डॉक्टर तुमच्या अंगात तार घालतो. आम्ही नुसती फुंकर मागतो!"

माझे वडील शिवलिंगप्पा पुढे झाले. मंत्रलेला बदाम त्यांनी भक्तिभावाने चावला आणि पेल्यातल्या नळीतून फुंकर मारली. बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"चरबी! बघा, चरबी!" सभागृह दणाणलं. माझा भाऊ प्रभु हात जोडून उभा होता, अव्वाच्या, म्हणजे आईच्या, डोळ्यांत पाणी होतं. मी मात्र कपाळावर हात मारला. मी भुवनेश्वरी, शाळेत विज्ञान शिकवते. हाच प्रयोग मी दरवर्षी वर्गात करते. त्या पाण्याला चुन्याची निवळी म्हणतात. चुना पाण्यात कालवून ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी ओतून घ्यायचं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यात गेला की ते पांढरं होतं. चरबीबिरबी काही नाही.

अप्पांच्या हृदयाच्या नळीत नुकतीच जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "बदाम, अक्रोड मूठभर खा, बिनमिठाचे. हृदयाला चांगले. आणि या गोळ्या एकही दिवस चुकवू नका, नाहीतर जाळीत रक्ताची गुठळी होईल." पहिलं वाक्य घरापर्यंत आलं, दुसरं दवाखान्याच्या जिन्यातच सांडलं. भेटायला येणाऱ्यांनी इतका सुकामेवा आणला, की अव्वाला पिठाचे डबे रिकामे करावे लागले. नागम्मामावशीने मेव्याबरोबर महाराजांचा पत्ताही आणला. निव्वळ खोटं असतं तर मी खोडून काढलं असतं. पण हे अर्ध्या खऱ्यावर उभं होतं. "तुझा डाक्टरच म्हनला की, मेवा खावा!" एवढं म्हणून अप्पा आणखी एक बदाम तोंडात टाकायचे.

म्हणून त्या सकाळी मी तरातरा व्यासपीठावर चढले. मला कसलाही आजार नाही, मेवाही खाल्ला नव्हता, सकाळचं उप्पीट तेवढं पोटात होतं. मी फुंकर मारली. पाणी पांढरं झालं. पेला उंच धरून मी ओरडले, "बघा! मला ब्लॉकेज नाही, तरीसुद्धा..."

"नाही कोण म्हणतं, ताई?" महाराज गोड हसले. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, इतकंच. देवानंच वेळेवर धाडलं तुम्हाला!"

"अगं बाई, तुलाबी?" म्हणून अव्वा रडायलाच लागली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! माझ्या पेल्याने महाराजांची जी जाहिरात केली, ती त्यांच्या चेल्यांनाही जमली नसती. रांग आणखी लांबली. जाताना महाराजांनी अप्पांना बजावलं, "गोळ्या आणि मेवा पोटात भांडतात. गोळ्या बंद."

घरी मी अव्वाच्या पानाच्या डब्यातला चुना घेऊन निवळी केली आणि अप्पांना फुंकर मारायला लावली. पांढरी झाली.

"बघा अप्पा, घरचा चुना, घरचं पाणी. मंत्र कुठाय?"

"पानी तुझं आसंल, फुंकर माझीच हाय की! चरबीबी माझीच येनार."

"मग मी मारते."

"तुलाबी ब्लॉकेज हाय म्हनलेत की महाराज."

मी गोळी तळहातावर ठेवायची, ते ती परत डबीत ठेवायचे. डॉक्टरांना फोन लावून दिला, तर "व्हय डाक्टर, घेतो की" म्हणाले आणि घेतली नाही. लहान मुलाचं नाक दाबून औषध पाजता येतं, बापाचं नाक कसं दाबायचं? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि भांडी आपटली.

काही दिवसांनी महाराजांनी पुन्हा कार्यालयात बोलावलं. फाटकापासून आत येईपर्यंत अप्पा मध्येच पायरीवर टेकले. "छाती भरल्यागत हुतंय. गॅस झालाय," म्हणाले. प्रभुने पळत जाऊन सोड्याची बाटली आणली. दोन घोट पोटात गेले तोच नाव पुकारलं.

अप्पांनी फुंकर मारली. एक-दोन बुडबुडे आले, थांबले. पाणी नितळच राहिलं.

"साफ! सगळं साफ!" महाराज उठून उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी अप्पांकडे बघत होते. कपाळावर घाम, ओठ काळपट. पाणी नितळ राहिलं, कारण फुंकर मारायला त्यांच्यात श्वासच उरला नव्हता. या परीक्षेत धडधाकट माणूस नापास होतो आणि मरायला टेकलेला पहिला येतो!

"प्रभु, अप्पांना दवाखान्यात ने. आत्ता!"

"अगं, आत्ताच साफ निघालंय की! गॅस हाय त्यो."

मी त्याच्या हातातली बाटली हिसकावली आणि पुढच्या रोग्यासाठी भरून ठेवलेल्या पेल्यात जरासा सोडा ओतला. पाणी पांढरं झालं.

"ही चरबी कुणाची रे? बाटलीला हृदय असतं?" मी आणखी सोडा ओतत राहिले. पांढरेपणा विरला, पाणी पुन्हा नितळ झालं. "आणि हे बघ, बाटलीचं ब्लॉकेजही गेलं! श्वासात असतो तोच वायू सोड्यात असतो. थोडा गेला की चुन्याचं पाणी पांढरं होतं, भरपूर गेला की पुन्हा साफ. आणि गेलाच नाही, तर पहिल्यासारखंच राहतं. अप्पांना धाप लागलीय, प्रभु!"

प्रभुने पेल्याकडे बघितलं, मग अप्पांकडे. त्याने त्यांना उचललंच.

"नास्तिकाच्या सावलीनं मेवा बाटला!" मागून महाराज ओरडले. दोघे-तिघे आपल्या फायली काखोटीला मारून आमच्या मागोमाग बाहेर पडले. बाकीचे रांगेतल्या आमच्या रिकाम्या जागेत सरकले. ते मला दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते.

जाळी गुठळीने बंद झाली होती. डॉक्टरांनी ती मोकळी केली, पण तोवर हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. अप्पा आता गोळ्या वेळेवर घेतात. पलंगापासून देवघरापर्यंत जाताना मध्ये एकदा बसतात. मी तक्रार दिली आहे. चौकशी चालू आहे, आणि महाराजांची रांगही. आता म्हणे ते वळसंग गावाकडे बसतात.

परवा अप्पांनी विचारलं, "भुवना, तवा पानी साफ का ऱ्हायलं गं?"

मी सांगितलं.

"म्हंजे मी मराय लागलोतो, आन् लोक टाळ्या वाजवीत हुते?"

"हो, अप्पा."

म्हणून हात जोडून सांगते. बदाम, अक्रोड जरूर खा, डॉक्टर सांगतील तेवढे खा, पण गोळ्यांचं काम त्यांच्यावर टाकू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. कुणी चमत्कार दाखवला, तर हेच दुसऱ्या कशाने घडतं का, ते आधी बघा, आणि तोवर टाळी वाजवू नका. टाळ्यांच्या आवाजात शेजारच्या माणसाची धाप ऐकू येत नाही.