समुद्रावरचा पहारा

मिस्त्रीने गाडीमागे ओढून आणलेला राहायचा ट्रेलर समुद्राकडे तोंड करून लावला, चाकांखाली लाकडी ठोकळे सारले, पण गाडीला अडकवलेला हुक काही सोडला नाही. उलट हुकाला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. उभा जन्म ट्रेलर बांधण्यात गेलेला माणूस तो. मुक्कामी पोचलं की आधी हुक सोडायचा, हे त्यानेच मुलाला शिकवलं होतं. मुलाने एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि पाण्याचे कॅन उतरवायला लागला.

उद्या सकाळी या मुलाला तुरुंगात हजर व्हायचं होतं. टेम्पो चालवताना त्याचा डोळा लागला आणि सायकलवरचे एक मास्तर जिवानिशी गेले. अपील फेटाळलं गेलं. जामीन बापच राहिला होता. शेवटचा एक दिवस तिघांनी समुद्रावर काढावा, ही आईची इच्छा. ती कोणाला मोडवली नाही. पण पोरगा गाडी घेऊन पळेल, असं संशयाचं भूत मिस्त्रीच्या डोक्यात शिरलं होतं. अपघात झाला त्या दिवशी पोरगा टेम्पो तिथेच टाकून पळाला होता आणि मावशीच्या माळ्यावर सापडला होता. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताक फुंकणं आलंच.

मुलगा पोहायला गेला, तर हा बूट घालून काठावर उभा. मुलगा संडासाकडे निघाला, की यालाही नेमकी तेव्हाच हात धुवायची आठवण.

"अहो, जरा त्याच्याजवळ बसा की," बायको म्हणाली.

"बसलोय की."

"बसलाय कुठे? राखण करताय."

दुपारी मुलाने पत्ते काढले. "बाबा, एक डाव टाकू या?"

"डोळे दुखतात माझे," मिस्त्री म्हणाला. पत्त्यांत मान खाली जाते, एवढीच खरी अडचण होती. पोरगा मग एकटाच पत्ते पिसत बसला.

जेवण झालं. कित्येक रात्रींची झोप साठलेली, त्यात समुद्राचा वारा. खुर्चीत बसल्या बसल्या मिस्त्रीची मान कलली.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. मुलाची खुर्ची रिकामी, चपला नाहीत, पिशवी नाही. मिस्त्री धडपडत गाडीकडे धावला. हुकाचं कुलूप काढायला खिशात किल्ली शोधू लागला.

"पळाला शेवटी," तो ओरडला.

"पळाला नाही. गेला." बायको ट्रेलरच्या पायरीवर बसली होती. रडून डोळे सुजलेले. "बसने गेला. म्हणाला, आजच हजर होतो."

"आज? अजून एक रात्र होती की त्याच्या हातात."

"होती. म्हणाला, मी इथे आहे तोवर बाबांना झोप नाही. आता लागलीय, तर उठवू नकोस."

"आणि तू नाही उठवलंस?"

"तुमच्या शेजारी बराच वेळ बसला होता तो. मला वाटलं, तुम्हीच उठाल."

मिस्त्री तिथेच वाळूत बसला. पोराचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा त्याने प्रयत्न केला. दिवसभर त्याला क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नव्हतं, आणि आता आठवत होती ती नुसती त्याची पाठ.