साहेबांच्या नाकातलं कार्ड

माझी भाची मला विचारते, "मावशी, तू अख्खं आयुष्य कॉम्प्युटरवर काढलंस ना? मग तुला साधा फोटो कसा पाठवता येत नाही?" आता हिला काय सांगणार, कप्पाळ! आमचा कॉम्प्युटर खिशात मावत नव्हता बाई, आम्हीच त्याच्या खोलीत जेमतेम मावत होतो. मेनफ्रेम म्हणायचे त्याला. ओळीने उभी केलेली लोखंडी कपाटं, मधे फिरणारी टेपची चाकं, आणि खोलीत एवढा गारठा की भर उन्हाळ्यात आम्ही स्वेटर बगलेत मारून कामाला निघायचो. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघायची. गारवा अर्थात आमच्यासाठी नव्हता. मशीन तापलं तर कंपनी धावून यायची, आम्हाला सर्दी झाली तर रुमाल आपापला आणायचा.

कंपनी बुटांची होती. मी तिथे नवी प्रोग्रामर, अजून कायम न झालेली. कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरवणार आमचे साहेब. मला ही नोकरी हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. कारण ती गेली तर मामाच्या गाद्यांच्या दुकानात बसावं लागणार होतं. मी राहायचे मामाकडेच, आणि तो रोज जेवताना न चुकता सांगायचा, "सोड ते गार खोलीतलं काम. दुकानात ये. गादीवर बसायचं, गादी विकायची." गाद्यांशी माझं वैर नाही. पण दिवसभर गादीवर बसून कोणी शहाणं झाल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि मामा तर माझ्या डोळ्यांसमोरच होता.

त्या वेळी प्रोग्राम टाइप करून दाबलं बटण, असं नव्हतं. कागदावर लिहायचा आणि पंचवाल्या ताईंकडे द्यायचा. त्या आपल्या यंत्रावर खाडखाड बोटं मारून जाड कागदाची कार्डं पाडायच्या. एका ओळीचं एक कार्ड. भोकं मशीनला वाचायला, आणि वरच्या कडेला बारीक अक्षरं माणसांना वाचायला. सगळी कार्डं क्रमाने एका लांबट खोक्यात उभी करायची. क्रम चुकला की प्रोग्रामचा बट्ट्याबोळ. आणि गठ्ठा हातातून पडला तर? त्यासाठी सगळ्यांची एक रीत होती. गठ्ठा घट्ट धरून त्याच्या वरच्या कडेवर मार्करने एक तिरकी रेघ ओढून ठेवायची. कार्डं सांडली तर प्रत्येकावरचा ठिपका बघत, रेघ पुन्हा जुळेपर्यंत लावत बसायचं.

खरं तर कार्डांवर क्रमांकही पाडता यायचे. पण साहेबांनी ते बंद केलं होतं. "ताईंचा वेळ वाचतो." प्रोग्राम चालवताना त्याची छापील प्रत निघायची, तीही त्यांनी बंद केली होती. "कागद वाचतो." त्यांच्या केबिनबाहेर जुनं पंच यंत्र होतं, त्याची शाईची फीत ते बदलूच देत नसत. "अक्षरं फिकी असली म्हणून काय झालं, मशीन भोकं वाचतं." हा माणूस शिंकसुद्धा अर्धी वाचवायचा. सर्दी मात्र त्यांना बारा महिने. त्यामुळे नाक लालभडक, आणि मुळातच ते देवाने सढळ हाताने दिलेलं.

तिरकी रेघ मारायचा मला मनापासून कंटाळा होता. हातात मार्कर आणि समोर कोरी जागा आली की माझा हात शिवशिवतो, तो लहानपणापासूनच. म्हणून मी माझ्या गठ्ठ्यावर साहेब काढले. वरच्या कडेला काढले असते तर त्यांना दिसले असते, म्हणून खालच्या कडेवर. गठ्ठा उपडा केला की दिसायचं: सुरुवातीच्या कार्डांवर कपाळ, मग चष्मा, मधल्या कार्डांवर नाक, खाली मिशी आणि शेवटी हनुवटी. नाक लाल मार्करने भरगच्च रंगवलं होतं. एकही कार्ड शाईवाचून सुटलं नव्हतं. पंचवाल्या ताईंना एकदा दाखवलं, तर हसता हसता त्यांचा ठसका थांबेना.

माझा प्रोग्राम साधा होता. पुढच्या आठवड्यात कोणत्या मापाचे किती बूट करायचे, ते कारखान्याला सांगायचा. कित्येक महिने गुणी बाळासारखा चालला. आणि एका सोमवारी त्याने कागदावर छापलं, डावे बूट करा, भरपूर करा, आणि उजवा एकही नको.

साहेब तो कागद फडकवत आले. "जगातली सगळी माणसं लंगडी घालत चालतात का हो, बाई?"

मी माझी जुनी छापील प्रत काढून ओळ न ओळ वाचली. चूक नाही. पुन्हा वाचली. जेवताना वाचली, बसमध्ये वाचली, स्वप्नातही डावे बूटच दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवला, पुन्हा सगळे डावेच. साहेबांनी सांगून टाकलं, "शुक्रवारी मालक बघायला येणार आहेत. जोड्या निघाल्या तर तुम्ही कायम. नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

मामाला हे सांगायचीच खोटी. तो म्हणाला, "म्हणून म्हणतो, दुकानात ये. गादीला डावं-उजवं नसतं."

मी त्या दिवशी न्हाणीघराचा नळ सोडून रडले. दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून नाही, मामाला जाऊ नये म्हणून.

शुक्रवारी मी खोकं घेऊन मशीनकडे निघाले तर साहेब आडवे आले. "आणा इकडे. मालक यायच्या वेळेला तुम्ही पाडाल." असं म्हणून त्यांनी खोकं माझ्या हातातून ओढलं, दोन पावलं गेले, शिंकले, आणि पाडलं.

सगळी कार्डं सांडली. काही टेपच्या कपाटाखाली गेली, काही ताईंच्या चपलांवर बसली. मग साहेब खाली वाकले आणि ओरडले, "रेघ कुठाय? तुमच्या कार्डांवर रेघच नाही!"

"आहे, साहेब," मी म्हटलं. "खालच्या बाजूला आहे. तुम्ही बसा ना, चहा घ्या. मी लावते."

"चहा कसला घ्यायचा! मालक तासाभरात येतील. एकेक ओळ वाचून लावाल तर संध्याकाळ होईल." आणि साहेब चक्क गुडघ्यांवर बसले. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला दिसत होतं, पण थांबवणार कसं? ताई तोंडात पदर कोंबून कपाटाखालची कार्डं काढायला गेल्या आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिल्या. पाठ मात्र हलत होती.

"ही कसली रेघ?" साहेबांनी दोन कार्डं उजेडात धरली. "ही तर रानोमाळ पसरलीय."

"नक्षी आहे, साहेब. नक्षीने पटकन जुळतं."

आणि खरंच जुळायला लागलं. साहेबांना त्यात गोडीच वाटायला लागली. लाल ठिपक्यांची वेगळी, गोल रेघांची वेगळी, असे त्यांनी भराभर ढीग लावले. "हे बघा, हे सायकलचं चाक दिसतंय," ते स्वतःचा चष्मा लावत म्हणाले. मिशी जुळल्यावर म्हणाले, "हा झाडू." नाकाशी आल्यावर मात्र ते अडले. लाल कार्डं संपता संपेनात. "एवढं लाल काय काढलंत? भोपळी मिरची?"

"तशीच काहीतरी," मी म्हटलं.

तेवढ्यात मालक आले. गोल पोटाचे, हसऱ्या तोंडाचे, सगळीकडे वेळेआधी पोचणारे. दारात थबकले. कंपनीचे मोठे अधिकारी जमिनीवर रांगत होते. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःही उकिडवे बसले. "अरे वा, कोडं! द्या, द्या, मला येतं हे." हनुवटी त्यांनी लावली. मग गठ्ठा दोन्ही हातांत दाबून धरला, लांब धरून बघितला आणि गडगडून हसले.

"अहो साहेब, हे तर तुम्ही!"

साहेबांनी गठ्ठा घेतला. चाक बघितलं, झाडू बघितला, भोपळी मिरची बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मला गाद्यांचं दुकान स्वच्छ दिसलं, आत बसलेला मामाही.

"कोणी काढलं?"

"मी, साहेब."

ते तोंड उघडणार, एवढ्यात ताई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या हातात ते एक कार्ड कसलं राहिलं?"

खरंच, एक उरलं होतं. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पुरा झाला होता, आणि हे एक जास्तीचं. त्याची खालची कड पांढरीशुभ्र, शाईचा ठिपका नाही. मी ते अक्षरशः हिसकावलं. मी सगळ्या गठ्ठ्यावर चित्र काढलं होतं. ज्या कार्डावर चित्र नाही ते नंतर कोणीतरी आत घातलेलं. वरची अक्षरं वाचली. उजव्या बुटांचा हिशोब सोडून थेट पुढे जा, एवढाच हुकूम होता. आणि अक्षरं फिकी होती. अगदी फिकी.

असली फीत अख्ख्या कंपनीत एकाच यंत्राला होती.

साहेबांच्या नाकाचा रंग हळूहळू कानांपर्यंत पोचला. मला सगळं कळलं. डाव्या बुटामागे उजवा असतोच, मग मशीनला दोनदा मोजायला कशाला लावायचं, वेळ वाचतो. वाचवायला गेले आणि कारखाना लंगडा करून बसले! वर आठवडाभर माझी झोप उडवली, मला नळाखाली रडवलं. असा संताप आला की ते कार्ड त्यांच्या मिशीखाली धरून मालकांना मोठ्याने वाचून दाखवावं.

"कसलं कार्ड आहे?" मालकांनी विचारलं.

साहेबांच्या गुडघ्यांना धूळ, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच त्यांना कायम करणार होते. माझा राग तिथेच निम्मा झाला. निम्मा मी अजून जपून ठेवलाय.

"काही नाही," मी म्हटलं. "साहेबांच्या नाकावर माशी बसली होती. उडवली."

ते कार्ड वगळून आम्ही गठ्ठा मशीनला दिला. छपाईयंत्र कडाडलं. डावे आले, आणि डाव्यांपाठोपाठ उजवे आले, तितकेच्या तितके. मी त्या बुटांकडे कागदावरच एवढ्या मायेने बघितलं की ताईंनी मला चिमटा काढला.

संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला कायम केल्याच्या कागदावर सही केली, मान वर न करता. मग म्हणाले, "नाक एवढं मोठं आहे का माझं?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "मधली कार्डं जास्त होती."

ते कार्ड माझंच होतं, मी चुकलो, असं काही ते बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर कित्येक वर्षंही नाही. शब्दसुद्धा वाचवायचे. कार्ड तेवढं माझ्या हातातून घेऊन त्यांनी खिशात टाकलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या यंत्राला नवी फीत होती.

मी तिथेच केस पांढरे केले. कार्डं गेली, टीव्हीसारखे पडदे आले, कपाटं बदलली, माझा प्रोग्राम मात्र नव्या मशीनवर उतरवून उतरवून आम्ही जिवंत ठेवला. अजूनही चालतो म्हणे. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोपाची भेट म्हणून तो जुना गठ्ठा मागून घेतला आणि घरी काचेच्या कपाटात उपडा ठेवला.

परवा त्यांचा फोन आला. आवाज थकलेला, सर्दी तीच. "बाई, हिने धूळ पुसताना गठ्ठा पाडला. मला आता वाकवत नाही. येता का?"

गेले. मलाही काही फार वाकवत नव्हतं. सतरंजीवर बसून, काकूंनी दिलेला चहा गार करत, आम्ही पुन्हा साहेब जुळवले. कपाळ, सायकलचं चाक, भोपळी मिरची, झाडू. चेहरा पुरा झाला, मी रबर लावायला गेले तर त्यांनी हात अडवला. सदऱ्याच्या खिशातून एक कार्ड काढलं, पिवळं पडलेलं, अक्षरं फिकी. नाक बोटांनी अलगद फाकवून त्यांनी ते आत सरकवलं. लाल नाकावर केसाएवढी फट दिसायला लागली.

"साहेब, ते काढलं होतं ना आपण?"

"ते माझं होतं. राहू द्या तिथेच," ते म्हणाले. आणि फटीवर बोट ठेवून, "चुकलो हो मी तेव्हा. तुम्हाला फार त्रास झाला."

एवढे शब्द त्यांनी एकदम खर्च केलेले मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. मी गठ्ठ्याला रबर लावलं आणि तो काचेच्या कपाटात उपडा ठेवला, नाकावरची ती फट दिसेल असा.