काळीची पाठवणी

सारजाबाईचं वावर लहानसं होतं. ओढ्याच्या वळणाशी, दमून आलेली बाई कुशीवर आडवी व्हावी, तसं ते पडलेलं असायचं. कुंभारीच्या पुढं अक्कलकोटच्या अंगाला जमीन कुठं मुरमाड, कुठं खारट चोपण. हा तुकडा मात्र काळाभोर, हाताला लोण्यासारखा. नवरा जाऊन वर्षं झाली होती, पोटी लेकरू नव्हतं. आपलं म्हणावं असं तिला एवढंच. भांगलताना ती वावराशी बोलायची, मनात आलं तर गायचीसुद्धा:

काळं माझं गं वावर, जशी नेसली चंद्रकळा
कणसाच्या गं मोत्यांनी, तिचा भरून गेला गळा

बहात्तर साली मोती आले नाहीत. कणसं आली नाहीत. ढग यायचे, पण पाहुण्यासारखे, उंबऱ्याबाहेरूनच परत जायचे. मग सगळं गाव दुष्काळी कामावर गेलं. गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकाडांच्या मधे, पाझर तलावाचा बांध चढत होता. सारजाबाई डोक्यावर चुंबळ ठेवून मातीच्या पाट्या वाहायची. पुढं शेजारची महादेवी, मागं आणखी बायका. दुपारी खायला सरकारी सुकडी, भाजक्या गोड पिठाची, मिळायची. उन्हाच्या झळांतून ती रांग दुरून हलताना दिसली की वाटावं, डोंगरालाच झोप लागलीय आणि सपनात तो चालतोय.

एके दिवशी ओव्हरसियरनं काम थांबवलं. सोलापूरचा माणूस, आवाज कधी न चढवणारा. त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "बांधाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा लागतो. पाणी तो धरतो, बाकीचा बांध नुसता आडोसा. गाभा कच्चा राहिला तर तलाव भरताच बांध फुटेल, आणि खाली तुमचंच गाव आहे."

त्यानं चारी बाजूंच्या मातीचे गोळे वळून पाण्यात टाकले. कुठला लगेच विरघळला, कुठला सुटून गाळ झाला. सारजाबाईच्या वावरातला गोळा तेवढा तळाशी तसाच बसून राहिला.

तो तिच्याकडं आला. "बाई, तुमचं वावर तलावाच्या पाण्याखाली जात नाही, म्हणून सरकार ते घेत नाही. जबरदस्ती मला करता येत नाही, आणि करायचीही नाही. माती काढली तर खाली मुरूम उघडा पडेल. तुमच्या हयातीत तिथं पीक यायचं नाही."

"मग मला कशाला इचारता?"

"अशी माती दुसरीकडं नाही म्हणून."

सारजाबाईनं चुंबळ सारखी केली. पाटी उचलली आणि चालू लागली. महादेवीचा नवरा गुरुलिंग बांधावर धुमसानं माती ठोकत होता. एरवी ती दिसली की काहीतरी टोमणा मारल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. आज त्यानं मान खाली घातली आणि ठोकत राहिला.

"अण्णा, तू तरी बोल की," ती म्हणाली.

"काय बोलू, सारजव्वा? माझी हीर बांधाच्या खाली हाय. बांध झाला तर पाणी मला. मी 'दे' म्हनलं तर ते तोंड कुनाचं?"

दुपारी बाभळीच्या विरळ सावलीत ती पडली आणि तिला डुलकी लागली. डुलकीत वावर आलं. खरंच चंद्रकळा नेसून आलं, काठाला ओढ्याच्या वाळूची जर. तिच्याजवळ टेकलं, तिच्या केसांतली माती बोटांनी काढत बसलं.

"आये, मला किती साल घरात ठिवनार?" ते म्हणालं.

"तू गेलीस तर मी कुनासंगं बोलू?"

"आवंदा तरी कुटं बोललीस? मी तापलेली, तू दमलेली. पुन्ना असं साल आलं तर दोगी मुक्याच बसायचं का?"

जाग आली तेव्हा पदरावर बाभळीचा पाला पडलेला होता. ती उठली ती थेट ओव्हरसियरपुढं.

"उचला," ती म्हणाली. "पन उगं उचलायची न्हाय. लेक हाय माझी. वटी भरून लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका वावरात जमल्या. घरात नारळ नव्हता, तांदूळ नव्हते. सारजाबाईनं मधोमध हळदीकुंकू वाहिलं. मग हातांत काय घ्यावं ते तिला सुचेना. महादेवीनं आपल्या वाटणीची सुकडी पुढं केली.

"यव्वा, सरकारी सुकडीनं वटी भरलेली नवरी कुनी बघितलीय का?" ती म्हणाली.

बायका हसल्या, आणि हसता हसता दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांनी सुकडीची एकेक मूठ मातीवर ठेवली. सारजाबाईनं गळा मोकळा केला:

लेक दिली मी बांधाला, सासर बाई पाण्याकाठी
माहेराला नको येऊ, ऱ्हा तू साऱ्या गावासाठी

पहिला टिकाव तिनंच मारला. मग दिवसामागून दिवस ती आपलं वावर डोक्यावरून वाहत राहिली. माती ओली करून गाभ्यात पसरायची, ठोकायची, पुन्हा पसरायची. वावराच्या जागी पिवळट मुरूम दिसू लागला. शेवटच्या पाटीला ओव्हरसियर म्हणाला, "तुळशीला ओंजळभर ठेवा की, बाई."

"लगीन लावून लेकीचा एक हात घरी ठिवत्यात व्हय?" ती म्हणाली आणि पाटी रिकामी केली.

धुमसावर रेलून गुरुलिंग म्हणाला, "म्हंजी आता आमी सगळे तुजे व्याही. इहिनीचा मानपान लई असतो की."

"असतोच. रुसनार पन हाय मी."

पुढच्या सालचा पाऊस बेताचा, पण नेमाचा पडला. तलावात पाणी चढलं. गाव बांधावर उभं राहिलं. ओव्हरसियर बांधाच्या पायथ्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालला, जागोजागी तळहात टेकवत. ओल होती; धार कुठंच नव्हती.

सारजाबाई खाली उतरली. "धरलंय का तिनं?"

"धरलंय, बाई. घट्ट."

ती तिथंच बसली. पाण्याकडं तिनं पाहिलं नाही. बराच वेळ बांधाच्या उताराला पाठ लावून बसून राहिली.

रब्बीच्या पेरणीला गुरुलिंग तिच्या दारात आला. "चला इहीनबाई, चाडं धरायला."

"जोगवा नगो मला, अण्णा. मजुरीला बलव, यीन."

"जोगवा न्हवं. काल चावडीवर बसून ठरलंय. बांधाखालच्या दर वावरात पेरनीची एक वळ, एक तास, तुज्या नावाचा. त्याचं कणीस-कडबा तुजं. ह्याच साली न्हवं, दर साली."

"कुनी ठरवलं?"

"सगळ्यांनी. तुला न इचारता. इहीन रुसंल म्हनून भ्यालो."

"रुसलेच हाय."

"तिफनीमागं रुस की. चालता चालता."

ती आली. गुरुलिंगच्या वावरात बैल जुंपलेले होते. बियाण्याचा जोंधळा तिनं पदरात घेतला, मूठ भरली आणि तिफणीवरच्या वाडग्यासारख्या लाकडी चाड्यावर हात धरला. बैल निघाले. तिफणीच्या नळ्या रिकाम्याच रेघा ओढत गेल्या. तिची मूठ उघडेना. गुरुलिंगच्या ते ध्यानात आलं. त्यानं बैल थांबवले, मागं मात्र वळून पाहिलं नाही.

पायाखालची जमीन परकी होती, खडे टोचत होते. पण खड्यांच्या मधून गारवा वर येत होता, हळू, झोपेतल्या श्वासासारखा. सारजाबाईनं तळपाय मातीत दाबला. मग म्हणाली, "पहिल्यापासनं घे, अण्णा. हा तास मोकळा ऱ्हायला."

गुरुलिंगनं बैल वळवले. तिनं बोटं सैल केली, आणि दाणे चाड्यात पडू लागले.