इगर्जीच्या वहीतला पावलू

गुंडूच्या बापाला बाप नव्हता. म्हणजे असणार कुठेतरी, पण त्याचं नाव कुणी सांगत नव्हतं. गुंडूचा बाप गणपत गावात त्र्याहत्तर वर्षांचा झाला, सुतारकीत नावाजला, तरी भाद्रपदात म्हाळाला बसला की दरवर्षी तीच गोष्ट. भटजी पितरांची नावं विचारत. गणपत आईचं, मालूचं नाव घेऊन पाणी सोडी आणि मग गप्प बसे. भटजी समजूतदार. ते पुढचा मंत्र जरा घाईने म्हणत. लहानपणी शेजारी बसलेल्या गुंडूला ती घाई कळायची आणि बापाकडे बघवायचं नाही.

आजी मालू तरुणपणी वेंगुर्ल्याकडच्या एका गावात इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पाद्रीबाबाकडे झाडलोटीला होती. पोर तिथेच झालं, ते जगेल असं दिसेना, म्हणून पाद्रीबाबाने त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं तीर्थ घातलं. पोर चिवट निघालं. वर्षभराने मालू त्याला घेऊन भावाकडे परत आली, आणि मरताना लेकाला एवढंच म्हणाली की तुझं नाव इगर्जीच्या वहीत आहे.

इगर्ज घरापासून दोन कोसांवर. पण गणपत कधी गेला नाही. म्हाताऱ्या सुताराने पाद्र्यासमोर उभं राहून 'माझा बाप कोण' विचारायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. शेवटी त्याने हे काम बहारीनला असलेल्या मुलावर सोपवलं. दोन कोसांचा रस्ता असा समुद्रापार वळसा घालून गेला.

वळशाला कारणही होतं. गुंडू तुबलीच्या ज्या गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करी, तिथेच इनास रंगाचं काम करी, आणि इनास नेमका त्याच इगर्जीचा माणूस. एक्याऐंशीच्या जुलैत त्याची आई आजारी पडली, तो रजेवर निघाला. गुंडूने त्याला कानगोष्ट सांगावी तसं सगळं सांगितलं. इनासने ना हसं केलं ना प्रश्न विचारले. फक्त साल आणि आजीचं नाव लिहून घेतलं.

ऑगस्टमध्ये त्याचं पत्र आलं. वहीत नोंद सापडली होती. आई मालू. बापाच्या जागी रेघ. आणि खाली, तीर्थाच्या वेळी बाळाला हातांत धरून उभा राहिलेला: पावलू.

गुंडूने पत्र चारदा वाचलं. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बिनबापाचं पोर चारचौघांत हातांवर घेऊन दुसरा कोण उभा राहील? लोकलाजेस्तव पाद्रीबाबाने वर रेघ मारली असेल आणि खाली खरं लिहून ठेवलं असेल. बारशाला पोर आईबापाच्याच मांडीवर असतं हे काय गुंडूला ठाऊक नव्हतं? त्याच दिवशी त्याने गावी पत्र टाकलं: आबा, तुमच्या वडिलांचं नाव पावलू.

इनासला विचारायला तो थांबला नाही. थांबायला हवं होतं, पण इतक्या वर्षांची तहान, पाणी गाळून कोण पितो?

सप्टेंबरअखेर गावच्या मास्तरांच्या हातचं उत्तर आलं. गणपतने म्हाळाला पावलूचं नाव मोठ्याने घेतलं होतं. ख्रिस्तावाचं नाव ऐकून भटजी क्षणभर अडखळले, मग म्हणाले, बाप तो बाप. दरवर्षी आपल्या पानाला कावळा तासभर रखडवतो, यंदा मात्र पान ठेवायची खोटी, लगेच शिवला. पत्र वाचताना गुंडूचे डोळे भरून आले. त्या शुक्रवारी त्याने बाब अल बहरीनच्या बाजारात जाऊन खोलीतल्या सगळ्यांसाठी मिठाई आणली आणि कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात इनास परतला. गुंडूने आनंदाने त्याला पत्राची हकिगत सांगितली, तसा त्याचा चेहरा उतरला. हातातली रंगाची बंदूक त्याने खाली ठेवली.

"आमच्यात सख्खो बापूस पोराक तीर्थाक धरूक शकणा नाय," तो म्हणाला. "दुसऱ्यानच धरूचा लागता, तसो नेमच आसा. तुजो आजो कोण ता देवाक ठावक. पण पावलू न्हय, येवडा नक्की."

मग त्याने राहिलेलं सांगितलं. पुढची पानं चाळताना पावलू त्याला पुन्हा पुन्हा भेटला होता. हा इगर्जीची घंटा वाजवणारा, एकटा जीव. ज्या पोराला धरायला कुणी पुढे येत नसे, त्याच्यासाठी पाद्रीबाबा पावलूला हाक मारी. बापाच्या जागी रेघ असलेली अकरा पोरं, आणि अकराही पावलूच्या हातांत.

गुंडू आपल्या पत्र्यांकडे परत गेला. आता काय करायचं? सांगू नये, तर म्हातारा सुखाने जाईल, पण परक्याला बाप म्हणत जाईल. सांगावं, तर सत्तर वर्षांनी मिळालेलं नाव त्याच्याच मुलाने काढून घेतल्यासारखं. तीन शुक्रवार तो कागद घेऊन बसला आणि उठला. चौथ्या शुक्रवारी त्याने लिहिलं. आयुष्यभर सगळ्यांनी बापापासून लपवलं, त्यात आपली भर नको, एवढाच विचार त्याने केला. अकरा पोरांचंही लिहिलं, आणि शेवटी चूक माझी, क्षमा करा, असं लिहिलं.

नोव्हेंबर गेला, पत्र नाही. डिसेंबर अर्धा गेला. गुंडूला जेवण गोड लागेना. आपण म्हाताऱ्याला मारलं, असंच त्याला वाटू लागलं.

मग जिदहफ्सला बेकरीत काम करणारा गावचा सदानंद रजेवरून परतला आणि त्याने एक कॅसेट आणून दिली. गणपतने मास्तरांच्या टेपरेकॉर्डरवर आपला आवाज भरून पाठवला होता. गुंडूने खोलीतल्या लोकांना बाहेर बसायला सांगितलं आणि बटण दाबलं. आधी बराच वेळ नुसती कोंबड्यांची कलकल. मग मास्तरांचा आवाज, बोला आता. मग आबा.

"गुंड्या, तुजा पत्र पोचला. तू वायट वाटून घेव नको. माका धरूक कोण नव्हता, तेवा तेणा धरल्यान. अकरा जणांका धरल्यान, आणि तेका पाणी देवक एकय नाय. पुढच्या म्हाळाकय माका तेचाच नाव घेवचा आसा. ते धा जण कोण, ता इनासाक इचार. कोण जित्तो आसलो तर माका भेटाचा आसा."

टेप घरघरत राहिली. गुंडूला वाटलं संपलं. तो बटणाकडे हात नेणार, तोच आबा पुन्हा बोलला, अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला दरवाजाचं माप सांगावं तसा.

"आणि माज्या खऱ्या बापाशीक पाणी होया आसला, तर तेणा येवन आपला नाव सांगूचा. त्र्याहत्तर वर्सा झाली, मी खंय गेलंय नाय. हयच आसय."