ज्याची सही, त्याची उडी

“तुम्हाला पोहता येतं का?” माझ्या सासऱ्यांनी नौकाविहार मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं.

“नाही बुवा,” अध्यक्ष हसले.

“उत्तम. मग हे जॅकेट चढवा आणि उतरा पाण्यात.”

तलावाच्या धक्क्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, फीत बांधली होती, पाहुणे घाम पुसत होते. नव्या मोटारबोटीचं उद्घाटन होतं. बोटीत बसणाऱ्यांसाठी चाळीस नवी नारिंगी जॅकेटं आली होती. बुडत्याला तरंगत ठेवणारी. ती तपासल्याचा दाखला असल्याशिवाय बोट सुटत नसे, आणि तीस वर्षं त्या दाखल्यावर सही सासऱ्यांची असे. कारण तीस वर्षं जॅकेटं शिवतही तेच. यंदा मंडळानं तयार माल मागवला होता. शिवायला सासरे नको होते, सहीपुरते हवे होते.

“काका, थट्टा पुरे. सही करा, लोक ताटकळलेत.”

“थट्टा मी निवृत्त झाल्यावर करणार आहे,” चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे म्हणाले.

या गोष्टीनंतर ते आणखी सात वर्षं जगले. गेले तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: माजी सैनिक व शिवणकाम व्यावसायिक यांचं वृद्धापकाळानं निधन. चूक काहीच नव्हती. फक्त माणूस वगळला होता.

सैन्यात ते एकोणीस वर्षं होते आणि त्या काळात त्यांनी कुणावर गोळी झाडली नाही. त्यांचं काम पॅराशूटच्या घड्या घालण्याचं. लांबलचक टेबल, रेशमासारखं कापड, दोऱ्यांचा गुंता, आणि घडी पुरी झाली की कार्डावर सही. नियम असा, की साहेब कधीही यायचे, रचलेल्या ढिगातून मनाला येईल ती घडी उचलायचे आणि ज्याची सही त्याच्या पाठीवर बांधून त्याला विमानात चढवायचे. सासऱ्यांनी अशा बासष्ट उड्या मारल्या. “चुकलेल्या घडीची तक्रार घेऊन कुणी परत येत नाही,” ते सांगत, “म्हणून आम्हाला काळजी फार.”

“शत्रू किती मारलेत?” असं एकदा कुणीतरी मोठ्या आशेनं विचारलं.

“एकही नाही. आणि आपलाही एकही नाही. हे दुसरं जास्त अवघड.”

बाहेर आल्यावर त्यांनी शिवणकामाचं दुकान टाकलं. सोफ्याच्या खोळी, ताडपत्र्या, गाद्या, जॅकेटं. नियम मात्र तोच आणला. सोफा दुरुस्त झाला की आधी स्वतः बसत, गादी भरली की आधी स्वतः झोपत. नवी कोरी म्हणून घरी नेलेल्या गादीवर सासरे आधीच घोरून गेलेले असत. गिऱ्हाइकं कुरकुरत, पण दुसरीकडे जात नसत. लग्न ठरण्याआधी मलाही त्यांनी आठ दिवस दुकानात बसवून ठेवलं. “बघतो, शिवण धरते का,” एवढंच म्हणाले. धरली असावी, नक्की कधी सांगितलं नाही.

तर धक्क्यावर त्यांनी एका जॅकेटाची शिवण नखानं सैल केली, आतला स्पंज ओठांना लावला आणि जोरात फुंकर मारली. पलीकडे माझी बायको उभी होती. तिच्या कपाळावरचे केस हलले.

“वारा आरपार जातो. पाणी काय दारात थांबून विचारणार आहे?”

“अहो काका, कंपनीचा शिक्का आहे त्यावर!”

“शिक्का तरंगतो का?”

पाहुण्यांत कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला. “हे बघा, मी काही पाण्यात उतरणार नाही. सुटात आहे मी.”

“बरोबर आहे. सही माझी, तर उडी माझी.”

त्यांनी चपला काढल्या, चष्मा माझ्या हातात दिला. जॅकेटाचे पट्टे आवळले.

“बाबा!” बायको ओरडली. “वय काय तुमचं!”

“पाण्याला सांगू नकोस.”

आणि ते धक्क्यावरून सरळ खाली गेले. तिथं दीड पुरुष पाणी होतं.

वर आले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांची छातीवर घट्ट घडी घातलेली होती. पोहता न येणाऱ्या माणसाची परीक्षा चालली होती. हात हलवणं म्हणजे कॉपी. ते तरंगत राहिले. टाळ्या पडल्या. अध्यक्ष पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “बघा! उगाच घाबरवत होते.”

मग पाणी हनुवटीला लागलं. मग ओठांना. सासरे नाकानं श्वास घेत अध्यक्षांकडे बघत राहिले. मग नाकही गेलं आणि वर राहिली पांढऱ्या केसांची एक झुलूप. हात तेव्हाही सुटले नव्हते. म्हातारा नावाडी कुणाला न विचारता उडी मारून गेला आणि त्यांना मानगुटीला धरून बाहेर घेऊन आला.

बराच वेळ ते खोकले. मग म्हणाले, “साडेतीन मिनिटं. पेन द्या.”

अध्यक्षांनी दिलं. बिचाऱ्यांना वाटलं, मिटलं. सासऱ्यांनी दाखल्यावर ओल्या हातानं सही केली आणि वरती शेरा लिहिला: ‘बुडतं.’

अध्यक्षांनी तो कागद चार बोटांनी चुरगळला. “ठीक आहे. उद्या दुसऱ्या कुणाची तरी सही आणतो. गावात तुम्ही एकटेच नाही आहात.”

“ते खरं,” सासरे म्हणाले. ते पायरीवर बसले, पिशवीतून शिवण उसवायचं पातं काढलं आणि पहिलं जॅकेट मांडीवर घेतलं. खर्र्‌. दुसरं घेतलं.

“अहो, मंडळाचा माल आहे तो! पोलीस बोलावतो मी!”

“बोलवा. बोटीनं येणार असतील तर यातलंच एक द्या त्यांना.”

पाहुणे पांगले. बोट खुंट्याला बांधलेलीच राहिली. पुढच्या हंगामात मंडळानं सासऱ्यांना बोलावलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. जॅकेटं मात्र दुसरी, जाड फोमची आणली. पण हे सगळं मागाहून. त्या दुपारी बायको बापाला तासभर बोलली. वय, थंडी, फुप्फुसं, लोक काय म्हणतील, सगळं काढलं. मग शेजारी बसली, पिशवीत हात घालून दुसरं पातं शोधलं आणि तीही उसवू लागली.

ऊन कललं. पायरीवर राखाडी स्पंजाचा ढीग झाला. मी नारिंगी खोळी मोजल्या. एकोणचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या; एकोणचाळीसच.

“चाळिसावं कुठं गेलं?” मी विचारलं.

बायकोनं बापाकडे पाहिलं. ते अजून त्यांच्या अंगावरच होतं. पाण्यानं जड होऊन खाली ओघळलेलं, पट्ट्यांच्या गाठी भिजून घट्ट बसलेल्या. त्यांनी एक सोडवून पाहिली, सुटली नाही. दुसरीही सुटली नाही.

“थांबा, बाबा.”

सासऱ्यांनी पातं खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. ती एकेक गाठ सोडवू लागली.